सोजराबाईचा जवस

हा उतार आता तुम्हाला निळा दिसतोय ना, तासाभरापूर्वी तो याच्या दुप्पट निळा होता. तुमच्या सरांना मी काल फोनवर चांगलं बजावलं होतं, की ऊन चढायच्या आत माळावर पोचा. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळून जातं, ते काही तुमच्या गाडीची वाट बघत बसत नाही. पण तुम्ही फाट्यावर भजी खात बसलात. आता उरलंय तेवढं बघा. त्या धोंड्यावर बसा, पाय आवरून. रोप तुडवलेलं मला खपत नाही.

हे पान बघा. सुईपेक्षा जरासं रुंद, टोकाला निमुळतं. काडी बोटभर उंच असल्यापासून अशीच पानं वरपर्यंत चढत जातात. शेतातला जवस आणि हा एकच, फक्त हा बुटका राहतो आणि याची बोंडं बारीक. याला कोणी पेरत नाही, पाणी देत नाही, कोणी कापतही नाही. खाली गावात आता जवस औषधाला उरलेला नाही. जिकडे बघाल तिकडे सोयाबीन निघालं की हरभरा. पण हा माळ दर पौषात निळा होतो. तुमचे सर म्हणतात, पाखरांनी बी आणलं असेल. आणलं असेल बाबा, पाखरांना कोण अडवतंय. पण आंबेखडीत कोणालाही विचारा, तो सांगेल की हा सोजराबाईच्या सुनेनं लावला.

ऐकायचं असेल तर सांगते. मात्र मध्येच फोटोला उठायचं नाही. मला तुकड्यातुकड्यानं सांगता येत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. माझ्या सासूच्या सासूलाही ती जुनीच म्हणून सांगितली होती. त्या काळी आंबेखडीचा जवस चार तालुक्यांत नावाजलेला होता म्हणे. कार्तिकात पेरायचा, मार्गशीर्षात खुरपायचा, पौषात गावाच्या चारी बाजूंनी निळं पाणी भरल्यासारखं दिसायचं. घरोघरी जवसाची चटणी, जवसाचं तेल, देवापुढचा दिवाही त्याच तेलाचा. मी लग्न होऊन आले तेव्हा यातलं निम्मंशिम्मं शिल्लक होतं. घाण्यावरून ताजं तेल आलं की अख्ख्या गल्लीला वास यायचा, आणि गरम भाकरीवर चटणीत ते तेल घालून खाल्लं की दुसरं काही नको वाटायचं. आता तुमच्या शहरात तोच जवस काचेच्या बरणीत घालून औषध म्हणून विकतात असं ऐकते. असो. माझं असं होतं, तेलाचा विषय निघाला की मी वाहवत जाते.

तर सोजराबाई. ही गावच्या खुरपणीची म्होरकी. म्होरकी म्हणजे काय, तर पन्नास बायका रांगेनं शेतात बसल्या की सगळ्यांत पुढे हिची पात, खुरपायची ओळ. ती जे तण म्हणेल ते तण, ती जे राखेल ते पीक. आता तुम्ही म्हणाल, तण ओळखायला एवढं काय लागतं. जवसात लागतं. जवसात एक तण येतं, आम्ही त्याला चकवा म्हणतो. वीतभर होईपर्यंत त्याचं पान जवसाच्या पानासारखंच, तसंच अरुंद, तसंच काडीला चिकटून वर गेलेलं. पुढे त्याला मळकट पिवळी फुलं येतात, बी कडू असतं आणि तोवर त्यानं जवस खाऊन टाकलेला असतो. ओळखायची खूण एकच. काडी बोटात धरून वाकवायची. जवसाच्या काडीत धागा असतो, ती वाकते पण तुटत नाही. चकवा कट्कन तुटतो.

नवशिक्या बायका अशा एकेक काडी वाकवून बघत. सोजराबाईनं कधी वाकवली नाही. तिला पानाच्या रंगावरून कळायचं, आणि तिचं खुरपं कधी चुकलं नाही, असं सांगतात. तिचा नवरा लवकर गेला होता. जमीन म्हणाल तर बैल वळवायला जागा पुरणार नाही एवढी. पण गावात तिचा मान पाटलाइतका होता, आणि तो मान सगळा तिच्या नजरेचा होता.

मग दुष्काळ पडला. एक नाही, लागोपाठ तीन वर्षं. पहिल्या वर्षी माणसांनी घरातलं धान्य खाल्लं, दुसऱ्या वर्षी गुरं सोडून दिली, तिसऱ्या वर्षी बी खाल्लं. सोजराबाईचा मुलगा पहिल्याच वर्षी पोट भरायला परमुलखात गेला, तो लवकर परत आला नाही. घरात राहिल्या सासू आणि सून. सुनेचं नाव भिवरा. तो गेला तेव्हा लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं तिच्या.

चौथ्या वर्षी पाऊस झाला. जमिनी भिजल्या, पण पेरायला जवस कोणाकडेच नव्हता. तेव्हा सोजराबाईनं आपल्या घरातून एक वाळका भोपळा काढला. तोंड शेणानं लिंपलेलं. आत दोन ओंजळी जवस होता. तीन वर्षं दोघींनी पाला शिजवून खाल्ला होता, पण त्या भोपळ्याला हात लावला नव्हता. मला अजून हे सांगताना गलबलून येतं बघा. आपल्याला एक एकादशी झेपत नाही.

गाव बसलं आणि ठरलं, की हे बी वाटायचं नाही. ओढ्याकाठच्या एका वावरात सगळं पेरायचं, जे येईल ते पुन्हा बियाण्यालाच राखायचं आणि पुढल्या वर्षी घरोघरी वाटायचं. त्या वावरात पाऊल टाकायचं ते फक्त सोजराबाईनं आणि तिच्या सुनेनं, असं पाटलानं सांगितलं. एकही रोप चुकून जायला नको होतं. गावचा जवस राहणार की कायमचा जाणार, ते त्या एका वावरावर होतं.

आता एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. त्या तीन वर्षांत सोजराबाईच्या डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड-अंधार कळायचा, माणूस हललेला कळायचा, त्यापलीकडे काही नाही. तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं. घर पायाखालचं होतं, वाट पायाखालची होती. निवडायला बसली की बोटांनी निवडायची आणि तोंडानं सुनेला बोलत राहायची, म्हणजे कोणाला शंका यायला नको. भिवराला मात्र कळलं होतं. दोनदा सासूनं पाणी तांब्यात न ओतता तांब्याशेजारी ओतलं होतं. ती बोलली नाही. त्या काळी सून असं काही बोलत नसे, आणि खरं सांगू का, सासूकडे दुसरं उरलं होतं काय? नजर गेली असं गावाला कळलं असतं तर म्होरकी कोण आणि सोजराबाई कोण.

जवस उगवला. पण तीन वर्षांचं जुनं बी, ते उगवलं मरतुकडं, फिकट. आणि चकवा उगवला चांगला गर्द हिरवा, जोमदार. मार्गशीर्षात दोघी खुरपायला बसल्या. सोजराबाई खुरपायची आणि भिवरा उपटलेलं तण पाटीत भरून बांधावर टाकायची. जिच्या डोळ्यांना नुसता हिरवा डाग दिसतो, तिला गर्द तेवढंच पीक वाटणार. फिकट ते सगळं तण. तेव्हा काडी वाकवून बघितली असती तर बोटांनी सांगितलं असतं तिला. पण तीस वर्षांत न वाकवलेली काडी ती सुनेसमोर वाकवणार होती होय?

पहिलीच पाटी बांधावर रिकामी करताना भिवराला शंका आली. तिनं एक काडी उचलून वाकवली. वाकली, तुटली नाही. दुसरी वाकवली. तीही वाकली. पाटीभर जवस होता. ती धावत वावरात गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, हे जरा..."

"काय?" सोजराबाईनं वर न बघता विचारलं.

त्या एका शब्दात काय होतं ते मी तुम्हाला कसं सांगू. रागही होता, आणि भीती होती. भिवरा म्हणाली, "काही नाही. पाटी भरली."

चूक झाली ती इथं. माझी सासू हे सांगताना इथं थांबायची आणि म्हणायची, की भिवरा चुकली, तिनं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी नवी होते तेव्हा मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, ती बोलणार कशी? आता माझं मत विचाराल तर दोघी चुकल्या, आणि दोघींची चूक एकमेकींच्या मायेतूनच झाली होती.

चार दिवस खुरपणी चालली. दुपारी सासू बाभळीखाली आडवी झाली की भिवरा पाटी डोक्यावर घ्यायची आणि हा माळ चढायची. गावाच्या बाजूनं नाही, ह्या मागच्या अंगानं, कुणाला दिसू नये म्हणून. विळ्याच्या टोकानं दगडांच्या फटीत भोक पाडायचं, त्यात एक रोप ठेवायचं, बोटानं माती दाबायची, तांब्यातलं थोडं पाणी घालायचं. जवस उपटला की मेला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो काही वांगं नव्हे, की इथून उचलून तिथं लावला. भिवरालाही ते ठाऊक होतं. तरी ती लावत गेली. लावताना ती रडायची आणि गावदेवीला एवढंच म्हणायची म्हणे, की बी जगव आणि माझ्या सासूचा मान राहू दे. दोन्ही एकदम कसं होणार, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

पाचव्या दिवसापासून तिचं इकडे येणं बंद झालं. बघायला यायची तिची हिंमतच झाली नाही, की ती सगळी वाळलेली रोपं डोळ्यांनी बघावी लागतील. पण असं सांगतात, की त्या दिवसापासून माळावर धुकं बसलं. खाली गावात लख्ख ऊन, आणि माळावर दुपारपर्यंत धुकं. अकरा दिवस ते उठलं नाही. धनगर म्हणायचे, वर मेंढ्या नेल्या तर लोकर पिळून पाणी निघतं. पण धुकं हाताला कुठं लागतं, त्यामुळं त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पौष आला. एका सकाळी सगळं गाव त्या वावराच्या बांधावर जमलं. तीन वर्षांनी निळं फूल बघायचं होतं. म्हाताऱ्या धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या, बायकांनी हळदीकुंकवाची ताटं आणली होती. आणि वावरात काय, तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मळकट पिवळं. निळं फूल एक नाही. एक म्हातारा तिथंच बांधावर बसला आणि त्यानं डोक्याचं पागोटं काढून खाली ठेवलं. घरात मयत झाल्यावर ठेवतात तसं.

सोजराबाई सगळ्यांच्या पुढे उभी होती, पदर सावरून, मान ताठ. लोक गप्प का, ते तिला कळेना.

मग लोकांना कंठ फुटला. सोजराबाईची नजर चुकणं शक्यच नाही, मग चुकलं कोण? सून. पाटी हिच्या डोक्यावर होती, हिनंच जवस उपटला आणि चकवा राखला. कोणी म्हणालं अडाणी आहे, कोणी म्हणालं पायगुणाची वाईट, आली आणि दुष्काळ आला. पाटलानं सांगून टाकलं, की हिला आजच्या आज माहेरी पोचवा, आणि पुन्हा ह्या शिवारात तिचं पाऊल नको. भिवरा खाली मान घालून उभी होती. आपण निघून गेलो तर निदान सासूचं नाव तरी राहील, एवढाच विचार तिच्या मनात होता.

तेव्हा सोजराबाईनं हात पुढे केला आणि वावरातलं एक रोप मागितलं. कोणीतरी तिच्या हातात दिलं. तिनं ती काडी बोटांत धरली आणि वाकवली. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. काडी कट्कन तुटली. एवढी माणसं होती, पण तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला, असं सांगतात.

विचार करा, गप्प राहायला तिला काय हरकत होती? गाव तिच्याच बाजूनं होतं. सून गेली असती, मुलाचं दुसरं लग्न झालं असतं, आणि ही मरेपर्यंत म्होरकी राहिली असती. मग ती म्हणाली, "मला दिसत नाही."

लोकांना वाटलं, तिला हातातलं रोप दिसत नाही. पाटलानं दुसरं रोप पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं.

"तीन वर्षं झाली, मला दिसत नाही. उपटलं ते मी उपटलं. हिनं बघितलं आणि माझी लाज राखली. घालवायचं असेल तर मला घालवा."

मग ती भिवराकडे वळली. म्हणजे भिवरा जिथं असेल असं वाटलं तिकडे वळली. बांधावर टाकलेल्या पाट्या कुठं गेल्या, म्हणून विचारलं. भिवरा रडत होती. ती म्हणाली, "टाकल्या नाहीत, आत्याबाई. माळावर लावलं सगळं. पण ते काय जगतंय."

सोजराबाई म्हणाली, "चल, बघू."

बघू म्हणाली, बरं का. डोळे नसलेली बाई. पुढे भिवरा, तिच्या खांद्यावर हात ठेवून सोजराबाई, आणि मागं सगळं गाव, अशी ती माणसं तुम्ही आज आलात त्याच वाटेनं चढली. कडा ओलांडून ह्या अंगाला आली आणि जागच्या जागी थांबली. तुम्हाला मघाशी पहिल्यांदा दिसलं तेव्हा तुमच्यातली ती चष्मेवाली मुलगी "अगंबाई" म्हणाली ना? त्यांचं काय झालं असेल बघा. तीन वर्षांचा दुष्काळ भोगून आलेली माणसं ती. सूर्य डोक्यावर आला होता, फुलं गळायची वेळ टळून गेली होती, पण त्या दिवशी एकही फूल गळलं नाही म्हणे. पागोटं काढलेला तो म्हातारा लहान मुलासारखा रडला.

फक्त सोजराबाईला काही दिसत नव्हतं. लोक का थांबले, का रडतात, तिला काय कळणार. ती सुनेला म्हणाली, "मला दिसत नाही. तू सांग."

भिवरानं खाली वाकून एक काडी सासूच्या हातात धरवली, मुळासकट जमिनीत असलेली. सोजराबाई गुडघ्यांवर बसली, काडी वाकवली. काडी वाकत वाकत जमिनीला टेकली, पण तुटली नाही.

त्या वर्षी माळावरचं बी गोळा करून घरोघरी चिमूट चिमूट वाटलं. निम्मी बोंडं मात्र सोजराबाईच्या सांगण्यावरून इथंच ठेवली. तेव्हापासून इथला जवस कोणी कापत नाही. तिचा मुलगा दुसऱ्या वर्षी परत आला. म्होरकीपण तिनं सोडलं नाही, उलट गावानंच सोडू दिलं नाही. फक्त तिच्या शेजारी भिवरा बसायची, आणि दोघी मिळून एक पात काढायच्या. सासू काडी वाकवायची, सून खुरपायची.

आमची रीत पडली ती त्यातून. मार्गशीर्षात खुरपणीच्या पहिल्या दिवशी गावातली सगळ्यांत थोरली बाई आधी ह्या माळावर येते. सगळ्या बायकांसमोर ती मोठ्यानं म्हणते, "मला दिसत नाही, तू सांग." मग त्या वर्षी गावात आलेली सगळ्यांत नवी सून तिच्या हातात जवसाची काडी धरवते. ती वाकवते, आणि मगच खुरप्यांना हात लागतो. ऐकायला सोपं वाटतं तुम्हाला. चार माणसांत उभं राहून एकदा म्हणून बघा.

मी नवी सून होते त्या वर्षी थोरली माझीच सासू होती. बाई कडक, माझ्याशी धड दोन शब्द बोलायची नाही. मी काडी धरवायला गेले तर तिचा हात भलत्याच बाजूला होता. मी तो हळूच धरून काडीवर आणला. तिनं माझी बोटं घट्ट दाबली, आणि तेवढंच. घरी आल्यावर त्याबद्दल ती बोलली नाही, मी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सुईत दोरा ओवायचा असला की ती माझ्याकडे द्यायला लागली. पुढे बारा वर्षं जगली. तिच्याएवढी माया मला माझ्या आईनंही लावली नाही. तिची फार आठवण येते ह्या दिवसांत. तेव्हा रीतीला दीडशे बायका असायच्या, गाणी असायची, माळ उतरल्यावर जवस घालून केलेले लाडू असायचे. आता शेतात तणनाशक मारतात, खुरप्याला गंज चढलाय, आणि यंदा आम्ही मोजून अकरा जणी होतो. नवी सून म्हणजे आमच्या देशमुखांची, संभाजीनगरला बँकेत नोकरीला आहे. रजा काढून आली बिचारी, आणि काडी कशी धरायची ते तिला आदल्या दिवशी शिकवावं लागलं.

तरी आजही रीत मोडलेली नाही. आजही आमच्या गावातली थोरली बाई सगळ्यांसमोर म्हणते, मला दिसत नाही. कोणी नुसती रीत म्हणून म्हणते, कोणी खरंच सांगत असते. कुठली कशी म्हणाली ते आमच्यात विचारत नाहीत. नवी सून हात धरते, तिला तेवढं कळतं.

यंदा थोरली मी होते. तुम्हीही विचारू नका.